सीडी शेतात टांगण्याआधी



या अंकात माझ्याकडून कर्ज, व्याज, ऑडिट यातलं काही नाही. या वेळी मी सीडीबद्दल लिहितेय. विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातल्या ताई आधी हसल्या. मग त्यातल्याच दोघी म्हणाल्या, "आमच्या कपाटात पण एक आहे गं, लागतच नाही."

झालं असं. मागच्या पावसाळ्यात एका गटाची मासिक बैठक संपली. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, सह्या-अंगठे झाले. सगळ्या उठल्या, पण एक आजी बसूनच राहिल्या. पदराखालून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत एक डिस्क. वर नवरा-नवरीच्या फोटोचा कागद चिकटवलेला, त्याला फुगे आलेले. म्हणाल्या, "पोरी, ही लागत न्हाई बघ. टीव्हीवर नुसतं नो डिस्क, नो डिस्क येतंय."

लेकीचं लग्न, २०११ सालचं. त्यात आजोबा आहेत. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. घरात फोटो आहेत, पण चालते-बोलते आजोबा त्या एका डिस्कमध्येच. एका दुकानदाराने सांगितलं होतं, डिस्क मेली. दुसऱ्याने सांगितलं, तुमच्या मशीनची लेन्स गेली, नवीन घ्या. नवीन मशीनसाठी आजी गटातून दोन हजारांचं अंतर्गत कर्ज मागायच्या बेतात होत्या.

मी एमएसडब्ल्यू केलंय. त्यात डीव्हीडीचा पेपर नव्हता. तालुक्याला संगणक केंद्र चालवणाऱ्या एका दादांकडे चार-पाच वेळा बसून, त्यांची बोलणी खाऊन आणि स्वतः चुका करून जे कळलं, ते तुम्हाला सांगतेय. सगळ्यात आधी एकच सांगते: डिस्क लागत नाही म्हणजे ती मेली असं नाही, आणि मशीन बिघडलं असंही नाही. दोष कुठं आहे हे बघायला पैसे लागत नाहीत. तीन घरं फिरावी लागतात एवढंच.

आपण सगळ्यालाच सीडी म्हणतो

लग्नाची सीडी, भजनाची सीडी, प्रशिक्षणाची सीडी. दिसायला सगळ्या सारख्या, पण आत फरक असतो. जुनी लग्नं दोन-तीन डिस्कमध्ये असायची, कारण ती व्हीसीडी होती आणि एकीत साधारण सव्वा तासच मावायचा. पुढे डीव्हीडी आली, अख्खं लग्न एकीत बसायला लागलं. भोकाजवळच्या गोलावर बारीक अक्षरात काय छापलंय ते उजेडात वाचा. सीडी-आर असेल तर ती सीडी जातीची. डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर असेल तर डीव्हीडी. शेवटी आरडब्ल्यू असेल तर ती पुसून पुन्हा वापरायची डिस्क. ही अक्षरं वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येतात.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा. दुकानातून विकत आणलेली सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्याने ठसा मारून बनते. तिच्यात बारीक खड्डे असतात आणि वर चकचकीत अॅल्युमिनियमचा थर. म्हणजे दगडावर कोरल्यासारखं. स्टुडिओवाल्याने किंवा घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या डिस्कमध्ये खड्डे नसतात. तिच्यात रंगाचा पातळ थर असतो आणि कॉम्प्युटरची लेझर त्या रंगावर बारीक डाग पाडत जाते. म्हणून खालची बाजू जांभळट नाहीतर निळसर दिसते. हा रंग आपल्या साडीच्या रंगासारखाच, उन्हाने उडतो. त्यात अशी डिस्क विकतच्या डिस्कपेक्षा उजेड कमी परत फेकते. मशीनचा डोळा थोडा अधू झाला की सिनेमा चालतो आणि लग्न चालत नाही, त्याचं कारण हे. स्टुडिओवाल्याने फसवलं असं लगेच म्हणू नका.

आधी टीव्हीकडे बघा

टीव्हीवर नो डिस्क, लोड किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसतंय? मग टीव्ही, पिवळी वायर, एव्ही सगळं बरोबर आहे. तिथं वायरी उपसत बसू नका. काहीच दिसत नसेल तर मात्र आधी टीव्हीचा सोर्स एव्हीवर आहे का बघा. पिवळी पिन पिवळ्यात, लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात गेली आहे ना, तेही बघा.

चित्र काळं-पांढरं झालं, वर-खाली पळायला लागलं, तर बहुतेक वेळा नातवंडांनी रिमोटवरचं पी/एन लिहिलेलं बटण दाबलेलं असतं. आपल्याकडे टीव्हीचं चित्र पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला साधारण ३०. ते बटण एका पद्धतीवरून दुसरीवर नेतं. पुन्हा एक-दोनदा दाबलं की चित्र जागेवर येतं. एका ताईंनी यासाठी मेकॅनिकला दीडशे रुपये दिले होते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली डिस्क काळी-पांढरी दिसली तरी हेच करून बघायचं. चित्र आहे पण आवाज नाही, किंवा गाण्यातले शब्द गायब आणि नुसतं संगीत, तर ऑडिओ नाहीतर एल/आर लिहिलेलं बटण बघा. व्हीसीडीत हे फार होतं.

आणि हो, डिस्क उलटी नाही ना? ट्रेमध्ये एकीखाली दुसरी चिकटून बसलेली नाही ना? हसू नका. आमच्या कार्यालयात मीच अर्धा तास शोधत होते.

तीन डिस्क, एक मशीन

आता मशीन तपासायचं. तीन डिस्क घ्या: गाण्यांची एखादी साधी सीडी, विकतची सिनेमाची डीव्हीडी, आणि स्टुडिओत किंवा कॉम्प्युटरवर बनवलेली दुसरी कुठलीतरी डीव्हीडी. शेजारून मागून आणा. एकेक लावा.

तिन्ही लागल्या नाहीत तर मशीनच्या लेन्सवर धूळ आहे नाहीतर मोटर गेली आहे. आपल्या घरात चुलीचा धूर असतो. तो तेलकट असतो, लेन्सवर त्याचा पापुद्रा बसतो. बाजारात बारीक ब्रश लावलेली लेन्स साफ करायची डिस्क मिळते, ती दोनदा फिरवा. मशीन स्वतः उघडून चालू असताना आत डोकावू नका, लेझरचा उजेड डोळ्याला वाईट. आणि पावसात भिजत, थंडीत आणलेलं मशीन लगेच लावू नका. लेन्सवर दव धरतं. तास-दोन तास घरात नुसतं राहू द्या.

सीडी लागते, पण एकही डीव्हीडी लागत नाही, असं झालं तर ती मशीनची खरी बिघाडाची खूण. सीडी वाचायचा उजेड वेगळा असतो आणि डीव्हीडी वाचायचा वेगळा. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. एक दमतो तेव्हा दुसरा चालू असू शकतो. अशा वेळी "लेन्स गेली" म्हणणारा मेकॅनिक बरोबर असतो. बाकी वेळी त्याला विचारा, "कशावरून?" आणि बदललीच तर जुनी लेन्स हातात मागून घ्या.

विकतची डीव्हीडी लागते, पण घरी बनवलेली एकही लागत नाही, तर लेन्स साफ करून बघा. मशीन जुनं असेल तर त्याला अशी डिस्क, त्यातही आरडब्ल्यू, वाचताच येत नसेल. आणि सगळ्या लागतात, एकच लागत नाही, तर मशीन ठणठणीत आहे. दोष त्या डिस्कमध्ये.

आजींच्या घरी आम्ही हेच केलं. सिनेमा लागला. शेजारच्या घरचं बारसं लागलं. आजींचं लग्न तेवढं लागेना. म्हणजे नवीन मशीन घ्यायची गरज नव्हती. कर्जाचा अर्ज लिहायचा राहिला तो राहिलाच.

पुसायचं कसं

इथे माझी पहिली चूक. मी उत्साहाने ती डिस्क ओढणीने गोल-गोल पुसली, ताट पुसतात तशी. संगणक केंद्रातल्या दादांनी कपाळावर हात मारला.

डिस्कवरची माहिती आतून बाहेर गोल फिरत जाते, उदबत्तीच्या नाही, कासव छापच्या वळशांसारखी. भोकाकडून कडेकडे आडवा ओरखडा गेला तर प्रत्येक वळशातला थोडा-थोडाच भाग जातो आणि मशीन आजूबाजूच्या माहितीवरून तो भरून काढतं. ती सोय डिस्कमध्ये मुळातच केलेली असते. पण वळशाच्या दिशेने ओरखडा गेला तर एकाच जागेची लांबलचक माहिती जाते. मशीनला ती भरता येत नाही. म्हणून पुसायचं ते भोकापासून कडेकडे, सरळ. जरीचा पदर नको, नायलॉन नको. चष्मा पुसायचं कापड किंवा धुऊन-धुऊन मऊ झालेलं सुती. तेलकट बोटं उमटली असतील तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, हलक्या हाताने धुवायचं, निथळू द्यायचं, सावलीत सुकवायचं. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचं औषध अजिबात लावू नका, प्लॅस्टिक पांढुरकं होतं. टूथपेस्ट लावतात असं तुम्ही ऐकलं असेल. तीही एक घासणीच आहे. डिस्कची कॉपी काढायचे सगळे प्रयत्न हरले की मगच, आणि स्वतःच्या जबाबदारीवर.

अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. डीव्हीडी म्हणजे भाकरीसारखे दोन पापुद्रे, प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाड, मध्ये डिंकाने चिकटवलेले. माहिती मध्ये असते. सीडीत तसं नाही. तिच्यात माहिती वरच्या, छापील बाजूलाच, पातळ लाखेखाली. त्यामुळे सीडीची वरची बाजू खरवडली की माहितीच गेली. बल्बसमोर धरा, टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढं गेलं, ते कुणालाही आणता येणार नाही. डीव्हीडी मात्र कडेने बघायची. पापुद्रे सुटून कडेला ढगासारखं पांढरं दिसत असेल तर घाई करा, ते वाढतच जातं.

कुठे अडतंय यावरून पण पुष्कळ कळतं. डिस्क आतून सुरू होते आणि कडेला संपते. आत काय-काय आहे याची यादी भोकाजवळच्या भागात असते. मशीन डिस्कला ओळखतच नसेल तर आधी तो आतला गोल नीट पुसा. हळद-मुहूर्त चालतो आणि पाठवणीला अडकतं, तर बाहेरची कड खराब आहे. बोटं तिथेच लागतात, डिस्क वाकते ती तिथेच. आणि फोटोचा कागद चिकटवलेला असेल तर जास्तच. कागद ओला-सुका होतो, डिस्क खेचतो, फिरताना तोल जातो. तरी तो कागद आता सोलायला जाऊ नका. सीडीवरून सोलला तर माहितीचा थरच सोबत येतो, आणि डीव्हीडीचे पापुद्रे सुटू शकतात.

आजींची डिस्क पंधरा वर्षांतली बरीच वर्षं टीव्हीवर, खिडकीपाशी होती. रोज सकाळचं ऊन. ज्या जागेला आपण मानाची जागा समजतो तीच तिला सगळ्यात वाईट.

दुसरं घर, तिसरं घर

एका मशीनवर न लागणारी डिस्क दुसऱ्यावर लागते, हे काही नशीब नाही. प्रत्येक मशीनच्या लेझरचा जोर, मोटरची चाल, चूक सुधारायची ताकद वेगवेगळी असते. दुसऱ्या घरी आजींची डिस्क वीस मिनिटं चालली. हळद झाली, सीमांतपूजन सुरू झालं आणि चित्राचे चौकोन पडून थांबलं. आजी म्हणाल्या, "आता म्होरंच ते येत्यात." मला तिथून उठवेना.

तिसरं घर अंगणवाडी ताईंचं. त्यांच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, मोठ्या डब्याचा, डीव्हीडी ड्राइव्हवाला. हे जुने ड्राइव्ह टाकून देऊ नका, बायांनो. नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह अडलेल्या जागी परत-परत प्रयत्न करतो, वेग कमी करतो. डिस्क घातल्यावर पाच मिनिटं नुसता घूं-घूं आवाज. मग व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर उघडला. व्हीएलसी नावाचा फुकट प्लेयर आहे, त्यात लावलं.

पंगतीत आजोबा दिसले. हातात बुंदीचं ताट, आणि कुणाला तरी ओरडून सांगत होते की लाजू नका, पोटभर जेवा. आजींनी तोंडाला पदर लावला. मी दादांना फोन लावला की आता काय करू. ते म्हणाले, "बघत काय बसलाय, आधी कॉपी करा."

ताईंनो, हे लक्षात ठेवा. अशी डिस्क एकदा लागली की तिला शेवटपर्यंत बघत बसायचं नाही, परत लागेल याची खात्री नसते. त्याच दिवशी, त्याच बैठकीत अख्खा फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवायचा. व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट नावाची फाइल असते, ती उतरवायची. साधी कॉपी मध्येच चूक दाखवून थांबली तर हरायचं नाही. खराब जागा ओलांडून जेवढं मिळेल तेवढं वाचणारे प्रोग्राम असतात, डीडीरेस्क्यू त्यातला एक, फुकट आहे. ते संगणक केंद्रातल्या माणसाकडून करून घ्या. आणि डिस्क सोडून येऊ नका, समोर बसा.

आजींची डिस्क वाचायला जवळजवळ चार तास लागले. शेवटची नऊ मिनिटं आली नाहीत. पाठवणी गेली. मला वाईट वाटत होतं, ते आजींना दिसलं असावं. म्हणाल्या, "तिथं ते रडले हुते. ते मला ठावंच हाय की. मला त्यांचं बोलणं ऐकायचं हुतं."

उतरवलेलं दोन जागी ठेवायचं. एक पेनड्राइव्हवर, दुसरं लेकीच्या नाहीतर भावाच्या कॉम्प्युटरवर. गुगल खात्यावर १५ जीबी जागा फुकट असते, फोटो आणि मेल धरून. त्यात एक-दोन लग्नं बसतात, कारण एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे जपलं असं समजू नका, तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून ती फाइल चालत नसेल तर एमपी४ करून घ्या. हँडब्रेक नावाचा फुकट प्रोग्राम ते करतो. पेनड्राइव्हही अमर नाही. दिवाळीची साफसफाई करताना एकदा लावून बघायचा.

मी बनवलेली डिस्क चालली नाही तेव्हा

आता माझी दुसरी चूक, मोठी. दोन वर्षांपूर्वी एका ग्रामसंघात शेळीपालनाचं प्रशिक्षण होतं. मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती मी आदल्या रात्री डिस्कवर टाकल्या. मला वाटलं, झालं. सकाळी चाळीस ताया सतरंजीवर बसलेल्या, लाइट होती, टीव्ही होता, मशीन होतं. आणि पडद्यावर अननोन डिस्क. एक ताई रोजगार बुडवून आली होती, ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तो दिवस मी फळ्यावर शेळी काढून घालवला.

झालं काय होतं? विंडोज डिस्क घातल्यावर विचारतो, ही पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? मी पहिलं निवडलं. तशी डिस्क कॉम्प्युटरला वाचता येते, घरातल्या प्लेयरला नाही. दुसरं निवडलं असतं तरी पुरतं भागलं नसतं. नुसत्या फाइली टाकल्या की ती माहितीची डिस्क होते. ज्या प्लेयरला एमपी४ कळत नाही तो ती चालवणार नाही. प्लेयरला हवा असतो तो व्हिडिओ टीएस फोल्डर, ठरावीक पद्धतीने बनवलेला. तो बनवायला डीव्हीडी स्टायलरसारखा प्रोग्राम लागतो, फुकट मिळतो. त्यात पाल निवडायचं.

आणि डिस्क बंद करायची. याला फायनलाइज म्हणतात. वही लिहून झाली पण शेवटची बाकी काढून सही केली नाही, तर ऑडिटर ती धरत नाही ना? तसंच. लिहून झाल्यावर शेवटची यादी लिहून डिस्क बंद केली नाही तर ज्या मशीनवर लिहिली तिथेच चालते, दुसरीकडे कोरी दिसते. काही जणींकडे हातात मावणाऱ्या लहान डिस्क आहेत, ८ सेंटिमीटरच्या, जुन्या हँडिकॅमच्या. त्या "कोऱ्या" म्हणून टाकून दिल्या जातात. कोऱ्या नसतात त्या, बंद करायच्या राहिलेल्या असतात. तो कॅमेरा कुणाकडे असेल तर त्याच्यातच घालून फायनलाइज करून घ्या. आणि वर फॉरमॅट असं काही विचारलं तर नको म्हणा, त्याने पुसलं जाईल.

स्टुडिओत किंवा केंद्रात नवीन डिस्क करून घ्यायची असेल तर समोर उभं राहून एवढं सांगा. डीव्हीडी-आर वापरा, जुन्या मशीनला ती जास्त मानवते. वेग १६ ठेवू नका, ४ किंवा ८ ठेवा. आठच्या वेगाला दहाएक मिनिटं लागतात, चारच्याला पंधराएक. तेवढा चहा होतो. शेवटी व्हेरिफायची खूण करा, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून बघितलं जाईल. एका डिस्कमध्ये दीड तासापेक्षा जास्त कोंबू नका. वर कागद नको, नाव टाकायचं ते डिस्कसाठीच्या मार्करने. बॉलपेनने दाबून लिहू नका. आणि गावातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात खडूस मशीन कुणाकडे आहे ते शोधून त्यावर एकदा लावून बघा. मी आता प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी हेच करते. त्या घरच्या आजी मला बघितलं की आधी मशीनवरचं फडकं काढतात.

"आपल्याला यंत्रातलं काय कळतंय" हे मला प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. अहमदाबादच्या सेवा संस्थेने १९८४ मध्ये बायांचं व्हिडिओ पथक सुरू केलं. त्यात भाजी विकणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बाया कॅमेरा चालवायला शिकल्या आणि आपल्या कामाच्या फिल्म स्वतः बनवायला लागल्या. तेव्हाचा कॅमेरा आजच्या मोबाइलपेक्षा कितीतरी जड आणि किचकट. आपल्याला तर फक्त कुठली डिस्क कुठल्या घरी लागते एवढंच बघायचंय.

आता ठेवायचं कसं. डबीत, उभी, वहीसारखी. टीव्हीवर नाही, खिडकीत नाही, चुलीवरच्या फळीवर नाही, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही. गोदरेजच्या कपाटात साड्यांमध्ये चालेल. पकडायची ती कडेने आणि भोकातून.

आणि ज्वारीत पाखरं हाकायला डिस्क टांगायची आपल्याकडे पद्धत आहे. चमकतात छान, मी पण टांगलेल्या बघते. गेल्या सुगीला एका ताईंच्या रानात फिरताना एक उतरवून बघितली. तिच्यावर मार्करने "आबा पंढरपूर" लिहिलं होतं. वाचायचा प्रयत्न केला, काही आलं नाही. सगळा रंग उडाला होता. म्हणून टांगायच्या आधी प्रत्येक डिस्क एकदा कॉम्प्युटरवर लावून बघा, आत काय आहे ते.

पुढच्या महिन्याच्या गट बैठकीला तुमच्याकडच्या डिस्क घेऊन आलात तरी चालेल. रद्दीच्या कागदात गुंडाळू नका, दोन डिस्कमध्ये सुती फडकं ठेवा. सोबत चिठ्ठीवर लिहा: कुणाचं काय आहे, कुठल्या साली केलं, कुठल्या मशीनवर लावून बघितलं आणि किती मिनिटांना अडतं. शेवटचं नक्की लिहा, माझं अर्धं काम तिथेच होतं. पेनड्राइव्ह आपापला आणा, निदान १६ जीबीचा. अंगणवाडी ताईंच्या मुलाने कॉम्प्युटर द्यायचं कबूल केलंय. त्याची परीक्षा असते त्या आठवड्यात मात्र नको.